उतार

साहेब म्हणाले, यात राजकारण नाही,
पाणी उताराने जातं, एवढंच.
नकाशावर त्यांनी पेन्सिलने एक बाण काढला,
तो आमच्या वस्तीवर येऊन थांबला.

मी तेव्हा आठवीत होते.
बाण आधीपासून होताच, फक्त कुणी काढला नव्हता:
वरच्या आळीच्या मोऱ्या, बाजारचौक,
दवाखान्यामागची नाली, मग आमचं अंगण.
पावसाळ्यात माय उंबऱ्याशी राखेची पोती रचायची.

आता तिथं टाक्या आहेत,
गिट्टीत रोवलेल्या कर्दळीचे दोन लांब वाफे,
एक पत्र्याची खोली, अन् खोलीत मी,
निरंजना वासनिक, कंत्राटी,
अकरा महिने, मग पुन्हा अकरा महिने.
पगार नगरपंचायत देते. देते तेव्हा.

सकाळी सहाला जाळीवरचं ओढून काढते.
शाम्पूच्या पुड्या, खर्ऱ्याच्या पन्न्या, केस, चिंचोके,
एकदा अख्खी कवळी;
खिडकीत ठेवली होती महिनाभर,
कुणी विचारायला आलं नाही.
मंगळवारच्या बाजारानंतर कांद्याची सालं.
भंडाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वांग्याच्या भाजीचं तेल
टाकीभर तवंग धरतं, जंतू सुस्तावतात.
रजिस्टरात लिहिते: वास जास्त, फेस जास्त.
कारणाच्या रकान्यात एकदा लिहिलं, पुण्यकर्म.
मग खोडून तेल केलं.

जंतूंना मी काही शिकवलेलं नाही.
कोणाच्या घरची घाण, ते विचारत नाहीत, खातात.
त्यांना हवा लागते, हवेला मोटर, मोटरीला लाइन.
लाइन जाते तेव्हा काठावर उभी राहून
रात्री दोन वाजता मी बांबूनं पाणी ढवळलेलं आहे.
हे रजिस्टरात नाही.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी
वरच्या आळीच्या बाया येतात, तारेपलीकडून म्हणतात,
पोरी, कर्दळीची पानं दे ना, अन् फुलं बी.
लाल, पिवळी, ठिपक्यांची. देते मी.
मुळं कशात आहेत, त्यांना माहीत आहे.
त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत आहे.
पानं धुऊन घ्या म्हणते. त्या बरं म्हणतात.

यंदा एप्रिलात विहिरी बसल्या.
वांदिले गुरुजींच्या संत्राबागेत आंबिया बहार,
बोराएवढ्या फळांचा रोज झाडाखाली सडा.
ते स्वतः आले. फाटकाशी चपला काढल्या,
का, ते त्यांनाच ठाऊक.
"निरंजना, पानी कोन्या येळी सोडशीन?"

त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.
शाळेत चार वर्षं मी सत्तावीस नंबर होते.

व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला.
खोटं कशाला बोलू, थोडा वेळ नुसताच ठेवला.
लोखंड तापलेलं होतं.
टाकीच्या काठावर एक बगळा
एक पाय दुमडून उभा, त्याला घाई नव्हती.

"आधी उईकेबाईची पालक," म्हटलं,
"मग शेख चाचांचा सांबार.
तुमचा नंबर तिसरा, गुरुजी."
त्यांनी मान हलवली.
गिट्टीच्या ढिगावर अंथरायला रुमाल काढला,
मग तसाच खिशात घातला, अन् बसले.

मी मोटर चालू केली.
पाइप थरथरला, पाणी वर चढायला लागलं,
दवाखाना, बाजारचौक, मोऱ्या ओलांडून
पुढच्या मळ्यांकडे.
रजिस्टर: रंग नाही. वास ओल्या मातीचा.
दिशेला रकाना नाही,
म्हणून समासात पेन्सिलने एक बाण काढला.

अकरा चाळीसला लाइन गेली.
पाइपातलं पाणी गडगडत खाली परतलं.
मी बांबू घेतला.
गुरुजी बघत होते. मग उठून म्हणाले,
दुसरा आहे का?