समोरून काही येत नाही

एकतीस वर्षं कोल्हापूर–गगनबावडा–कणकवली.
जागा नाही तिथं ओव्हरटेक,
उसाच्या ट्रॉल्या दिव्याविना,
आणि उजव्या आरशात सतत कोणीतरी
घाईत.
निवृत्तीला शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं.
कान तेवढे परत दिले नाहीत.

सायकल बाबालाल मुल्लाणीनं जोडली,
गंगावेशीत, तालमीच्या मागं.
फ्रेम जुनी, टायर जाड, मुरमाला धरतील असे.
"आरसा बसवू काय, ड्रायव्हर?"
म्हटलं, नको. मागं काय ठेवलंय.
तरी त्यानं घंटी बसवली. तिचे पैसे घेतले नाहीत.

राधानगरीच्या वर, फाट्यावरून आत,
बॉक्साइटच्या डंपरांनी पाडलेला रस्ता.
खाण मिटली, डंपर गेले,
रस्ता मागं राहिला, कोणाच्या नावावर नसलेला.
जांभ्याचा तांबडा चुरा चाकाखाली करकरतो,
भाजक्या पोह्यांच्या डब्यात हात घातल्यागत.
मधोमध गवताची पट्टी. दोन्हीकडून कारवी
आत सरकत आलेली, दरवर्षी वीतभर.
नाक्यावर वनरक्षक तुपेबाई वहीत नाव लिहितात.
"चारच्या आत खाली या.
गव्याला हॉर्न कळत नाही."

पहिल्याच चढाला छाती भरली.
करूळचा घाट पन्नास माणसं घेऊन चढायचो,
डब्यांसकट, कोंबड्यांसकट.
आज एक माणूस वर जाईना.
उतरलो. ढकलत निघालो.
लाज वाटायला मागं गाडी नव्हती.

जांभळाच्या सावलीत परत बसलो सीटवर
आणि आलं आंधळं वळण.
हाताचा पंजा आपोआप गेला
जिथं हॉर्न असतो तिथं.
हवा दाबली.
मग आठवलं, घंटी.
टिंग.
शीळकरी कस्तूर गप्प झाला.
जरा वेळानं त्यानं शीळ
जिथं सोडली होती तिथूनच उचलली.

वळणापलीकडं एक बाई, डोक्यावर हिरड्याचं गाठोडं.
मला बघून ती कडेला सरली.
मीही सरलो, सवयीनं, दुसऱ्या कडेला.
मधे अख्खा रस्ता मोकळा,
आम्ही दोघं त्याच्या दोन काठांवर
कोणाची तरी वाट सोडून उभे.

"जावा की."
"तुम्ही या आधी."
असं दोनदा झालं.
मग ती हसली, एका हातानं गाठोडं सावरत,
"काय येनार हाय हितनं आता?"
डंपर होते तेव्हा झुडपात उभं राहायचं, म्हणाली,
धुरळा बसेस्तोवर. पोरगं पदराखाली.
"गेलं ते. पाय मातूर अजून तिकडंच जात्यात."

मी माझा पंजा पाहिला.
काही बोललो नाही.
नाव विचारावं वाटलं, विचारलं नाही;
एकतीस वर्षं आरशात नुसती डोकी मोजली,
विचारायची सवय कुठली.
ती रस्त्याच्या मधोमध चालत गेली,
गवताच्या पट्टीवरून, अनवाणी,
जरा मुद्दामच.

पुढं पठार. तिथं काहीच झालं नाही.
वारा होता. चार करवंदं खाल्ली, तीन आंबट.
बाटलीतलं पाणी गरम झालेलं.
एवढ्यासाठी का चढलो, हे घरी
कोणाला सांगता येणार नाही.

उतारावर ब्रेक सोडून बघितला,
एकदाच, दहा झाडं मोजेपर्यंत.

खाली फाट्याला डांबर लागलं
आणि मागून एसटी आली.
पोरगा नवा. हॉर्न लांबलचक.
मी कडेला झालो, त्याला जाऊ दिलं.
त्याच्या आरशात असेन थोडा वेळ,
लहान होत जाणारा एक म्हातारा,
गुडघ्यापर्यंत तांबडा,
साधारण गाडीच्याच रंगाचा.