संत आना

कोल्हापुराहून आणलेला कॅनव्हास
दोन पावसाळे टिकला.
तिसऱ्याला पाठीवर करडे ठिपके आले,
मग ते पुढे आले, आभाळात,
जिथे मी एकही ढग काढला नव्हता.

वेंगुर्ल्यात कापड दमतं.
सकाळी ताणलेलं, संध्याकाळी झोळी.
म्हणून बंदरावर गेले, भिवा मेस्तांकडे.
त्यांच्या तिन्ही मुलांना मी चित्रकला शिकवली होती,
एकालाही आली नाही.

मोडलेल्या होडीची एक फळी त्यांनी ओढून काढली,
फणसाची, हातभर रुंद.
"आधी तेका गोड्या पाण्यात निजय.
वीस वर्सांचा मीठ आत बसलाहा,
एका रातीत उठणा नाय."

विहिरीकडच्या डोणीत पंधरा दिवस.
रोज पाणी बदललं, रोज जिभेवर घेतलं.
सोळाव्या दिवशी पाणी नुसतं पाणी लागलं.
मग पडवीत, सावलीत,
आजाऱ्याची कूस बदलावी तशी उलटत राहिले.

खरवडायला बसले तेव्हा मेस्त म्हणाले,
"अर्धा सुटलेला आसता ना, तां नव्याक घेवन पडता.
मुळाक जा."
वर निळा, खाली हिरवा, त्याखाली विटकरी.
मधोमध अक्षरं: संत आना.

'संत' पहिल्याच पात्याला निघाला,
दुधावरची साय निघावी तसा अख्खा.
खाली स्वच्छ निळा. म्हणजे तो नंतरचा.
'आना' मात्र हलेना.
ती लाकडावरच होती,
जवसाच्या तेलात खललेला शेंदूर, तीन हात,
आणि दर वर्षी कुणीतरी
तिला सोडून भोवतीनेच रंग लावलेला,
निळा, हिरवा, विटकरी, सगळे तिच्या काठाशी थांबलेले.

रुझार जाळं खांद्यावर टाकून चालला होता.
होडी त्याचीच.
"संत खंय गेलो?"
"सुटला," मी म्हटलं.
तो बराच वेळ फळीकडे बघत राहिला.
"लग्नाच्या वर्साक घालूचो लागलो तो.
पास्कीनीक वाचूक येता."

मेस्तांनी अंगठ्याचं नख रोवून पाहिलं.
"ह्यां घट धरलाहा. रवांदे.
ह्याच्यार काय्येक धरतला."

तेलावर पाणी धरत नाही,
म्हणून अक्षरांवर लसूण चोळली.
गाठींना स्पिरिटमधली चपडा लाख.
मग चिंचोक्याची खळ, कसरीसाठी चिमूटभर मोरचूद,
खडूची वस्त्रगाळ पूड,
एक हात उभा, एक आडवा,
सात हात झाले तेव्हा नारळाला मोहोर होता की नव्हता
मला आठवत नाही, मी वर बघितलंच नाही.
पॉलिश पेपर. शेवटी कवडीने घोटलं.
गालावर ठेवली तर थंड,
आणि अगदी थोडा लसणाचा वास.

चित्रात काय होतं ते जाऊ दे.
रिकामा किनारा, एक दोरी.

व्हार्निशला मतलई हवा.
दुपारी खारा वारा फिरतो
आणि ओलं व्हार्निश दुधाळतं,
डोळ्यात मोतीबिंदू यावा तसं.
पौषातल्या तीन पहाटा मी वाट पाहिली,
चौथीला वारा डोंगराकडून कोरडा आला,
नऊच्या आत हात आटपला.

ते चित्र पास्कीनीने घेतलं.
चौदाशेला, घासाघीस करून,
वर बांगड्यांचा एक वाटा.
बाहेरच्या खोलीत, आल्ताराच्या बाजूला लावलं.

परवा सकाळी गेले होते.
दारातून ऊन तिरपं आत आलं
आणि किनाऱ्यावरची वाळू एका जागी किंचित वर आली.
"ह्यां काय गो बाई, उठलेला?"
"लाकडाची शीर," मी म्हटलं.
आतल्या खोलीत रुझार खोकला.

पास्कीन तिथे बोट फिरवत राहिली,
सावकाश,
डावीकडून उजवीकडे.