तीनशे चार

फॉर्मवर दोन रकाने शेजारी-शेजारी.
जन्मस्थळ: मस्कत.
भेटीचा उद्देश: काम.
काचेमागच्या पोराने दोन्ही वाचले,
माझ्याच वयाचा, दिश्दाशाला कडक इस्त्री.
खौला हॉस्पिटल? त्यानं विचारलं.
हो, म्हटलं.
मी पण, म्हणाला,
आणि शिक्का मारला नव्वद दिवसांचा.

कंपनीने हॉटेल दिलंय समुद्रावर.
त्या खिडकीतलं मस्कत माझ्या ओळखीचं नाही.
आमचं मस्कत म्हणजे रुवी,
रुवी म्हणजे मागची गल्ली,
वर एसींची रांग, खाली त्यांचं टपटपणारं पाणी
आणि ते पिणारी एक कानतुटकी मांजर.
भोवती डोंगर, नुकते चुलीतून काढून ठेवलेले,
हात लावू नये असे.

मी आता वादीचं काम करते.
कोर्टाच्या मराठीत वादी म्हणजे दावा सांगणारा.
इथे वादी म्हणजे कोरडी नदी.
वर्षानुवर्षं काही बोलत नाही,
लोक तिच्यात गाड्या लावतात, पोरं क्रिकेट खेळतात,
आणि एका रात्रीत ती सगळंच मागते.
ती किती मागेल, याचा अंदाज बांधायचा
मला पगार मिळतो.

काल मोजपट्टी घेऊन गल्लीत शिरले.
दुकान तिथेच. पाटी नवी, बिरानकुट्टी जुना,
चष्मा कपाळावर, हाताखाली कॅल्क्युलेटर.
माझं नाव त्याला आठवेना.
मग बोट वर करून ओरडला, तीन सौ चार!
दो खुबूस, एक लबन!
आमच्या घरात चार माणसं राहत होती.
त्याच्या वहीत आम्ही एक नंबर होतो,
आणि मला त्याचा इतका आनंद झाला
की मी खरंच लबन घेतलं, मला आवडत नाही तरी.

विचारलं, त्या जूनच्या वादळात
पाणी कुठपर्यंत आलं होतं?
माझ्या नकाशात एक पूर्णांक चार मीटर आहे.
त्याने नकाशा पाहिला नाही.
काउंटरबाहेर आला, गल्लीत उभा राहिला,
तळहात आडवा धरला स्वतःच्या छातीशी.
तुझ्या अब्बाला इथवर, म्हणाला.
तू खांद्यावर होतीस. दप्तर सोडत नव्हतीस.

मी आकडा लिहून घेतला.
कुठल्या रकान्यात लिहायचा ते कळलं नाही.

मग त्याने खालच्या कप्प्यातून वही काढली,
पाणी पिऊन फुगलेली, पानं पापडासारखी.
त्यातच पुढे लिहीत गेला होता, वाया कशाला घालवायची.
आम्ही कायमचे निघालो त्या आठवड्याचं पान:
३०४, एक रियाल साडेतीनशे बैसा.
घाईत राहून गेलेले.
सामान बांधायची सुतळी, अंडी, एक फोन कार्ड.
या अख्ख्या शहरात आमचा
एवढाच एक कागद शिल्लक.

मी दोनची रक्कम पुढे केली.
वाटलं, तो नको म्हणेल.
त्याने घेतली. उजेडात धरून पाहिली,
अर्ध्या रियालची नोट आणि दोन नाणी परत दिली,
लबनचे वेगळे मागितले,
आणि लाल पेनाने ओळीवर आडवी रेघ,
पट्टी लावून, सरळ.

रात्री अब्बांचा फोन, दाभोळहून.
पोचलीस गो घरी?
हॉटेल म्हणायचं होतं त्यांना. मी दुरुस्त केलं नाही.
बोटीच्या इंजिनाबद्दल बोलले, आईच्या गुडघ्याबद्दल,
फोन ठेवता ठेवता म्हणाले,
त्या बिरानचं काहीतरी द्यायचं राहिलं होतं.
दिलं, म्हटलं.
पलीकडे कुणीतरी मोटार सुरू करत होतं,
ती लागत नव्हती.
सगळं? त्यांनी विचारलं.
सगळं.
बरं, म्हणाले,
आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.