मागचा डावा कोपरा

माझा कोपरा मागचा, डावा.
बाकी तिघं रूफस, लिनवुड आणि तिचा भाचा कॉर्टलंड,
जो प्रत्येक जिन्यावर शपथ घ्यायचा की हा शेवटचा.
चारशे पौंडांचा ऑर्गन,
शिवाय त्याचा स्पीकर वेगळा, कपाटाएवढा,
पोटात गरगर फिरणारा कर्णा घेऊन.
आणि पिट्सबर्गमध्ये सपाट रस्ता म्हणजे
कुणीतरी उठवलेली अफवा.

आर्डेल पेटवे आमच्या पुढे चालायची.
हातात कापडी पिशवी, पिशवीत पातळ तळव्यांचे बूट.
"जपून रे, भिंतीला लागेल," म्हणायची.
काळजी भिंतीची होती की ऑर्गनची,
ते चौदा वर्षांत कळलं नाही.

सुरू करायला दोन बटणं.
पहिलं दाबून धरायचं, आठ आकडे मोजायचे,
मगच दुसरं.
सातला सोडलंस तर रुसतो, म्हणायची.
खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या,
मागे मासे तळायला घेतलेले,
आणि फरशीतून वर येणारी ती गुणगुण.
एका नव्या पोऱ्यानं तिला कंटाळून
फ्रिजची वायर उपटली होती.
रात्रभर कोमट बिअर विकली मालकानं.

बेसवाला तिनं कधी ठेवला नाही.
"त्याला जेवू घालावं लागतं.
हा पाय घरचंच खातो."
डावा पाय चालत राहायचा पट्ट्यांवरून
कामावर निघालेल्या माणसासारखा,
इकडेतिकडे न बघता.
उजवा हात मात्र सगळ्या गल्लीच्या चौकशा करत हिंडायचा.

रात्री अकराला नदीपलीकडे
पोलाद कारखान्याचा भोंगा व्हायचा.
ती चालू गाणं तिथेच सोडायची,
भोंग्याचा सूर उचलायची,
पट्टीच्या फटीत काड्यांच्या पाकिटाची घडी खोचायची,
की दोन्ही हात मोकळे.
पाळी संपवून लोक दार ढकलून आत यायचे,
भुवयांवर काजळी, काखेत डबा,
आणि त्यांना वाटायचं
भोंगा आपल्या मागोमाग आत आलाय,
फक्त आता तो ओरडत नाहीये.

रविवारी सकाळी तोच ऑर्गन चर्चमध्ये.
आम्ही चौघं न झोपलेले, ती इस्त्रीच्या हॅटमध्ये.
पाद्र्याच्या प्रार्थनेखाली एक सूर धरायचा तर
फटीत तीच घडी, बारचं नाव वर.
रेव्हरंड टॉलिव्हरनी ते वाचलं,
डोळे मिटले
आणि प्रार्थना जरा लांबवली.

कारखाना बंद झाला त्या वर्षी
भोंगाही भंगारात गेला.
तिनं अकराला तो सूर लावलाच.
रोज.
कुणीतरी मनगटावरचं घड्याळ बघायचं, बस्स.

तिला न्यायला सहाजण होतो.
मी सवयीनं मागे डावीकडे उभा राहिलो.
काय सांगू, इतकी हलकी,
की खांद्यानं वजन शोधत वर उसळी घेतली
आणि पेटी तिरकी झाली.
"जपून रे," म्हणालं कुणीतरी.
मला वाटतं मीच.

ऑर्गन आता माझ्या गॅरेजमध्ये आहे.
रूफस नाही, लिनवुडच्या गुडघ्यात स्टील,
तो हलायचा तर आता नवी माणसं लागतील.
दर एप्रिलमध्ये तेल घालतो, तिनं दाखवलं तसं,
थेंब मोजून.
वाजवता येत नाही मला.
फक्त आठ मोजतो, दुसरं बटण दाबतो,
फरशीला पाय लावून बसतो.

गेल्या महिन्यात बाकाच्या झाकणाखाली
काड्यांचं पाकीट सापडलं.
घडी तशीच, कडेला तिच्या नखाची खूण.
तेव्हापासून रात्री एकेक पट्टीत खोचून बघतो,
काळी होती की पांढरी तेही आठवत नाही.
शेजारणीचा कुत्रा दोनदा भुंकला,
पण तो कुठल्याही सुराला भुंकतो.
वरची ओळ झाली.
खालची अजून अर्धी राहिलीय.