ताळा

भुसावळात, पंपाच्या दुकानावरच्या खोलीत
रोज सकाळी मी दोन याद्या समोरासमोर बसवते.
गेटवे म्हणतो इतके आले,
आमचा डेटाबेस म्हणतो इतके.
मधे उरतात ती माझी माणसं.

आज सतरा.

पहिले सावद्याचे सुपडू फेगडे,
केळीची बाराशे रोपं.
तिकडे जमा, इकडे पेंडिंग.
"पैसे त कटले ना वं बाई,
मंग रोपं कुठी हायेत?"
रात्री दोन वाजून पाच मिनिटांनी
त्यांच्या पैशांचा निरोप आमच्या सर्व्हरच्या दाराशी
तीनदा टकटक करून परत गेला होता.
मी तो हाताने आत घेतला.

उरलेले सोळा. रक्कम पैशापैशाने जुळते,
तारीख नाही.
एक दहा. दोन चाळीस. चार.
गेटवेचं घड्याळ परदेशी,
त्याचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला उलटतो;
तोवर त्याच्या लेखी कालच चालू.
साडेपाच तास मिळवले.
जुळले सोळाच्या सोळा.

पण एवढं रावेर-यावल
रात्री जागं कशाला?
फेगडेंनाच विचारलं. हसले.
"या हप्त्यात लाइट रातचीच हाये."

म्हणजे मोटर चालू, पाणी सरीतून सरकतंय,
आणि बांधावर, मोबाइलच्या उजेडात
कोणीतरी पुढच्या लागवडीची रोपं निवडतंय.

अहवालात लिहिलं: कारण, वेळेतला फरक.
शिल्लक तफावत शून्य.

मग प्रणितला निरोप टाकला:
कोणी जागं नसतं म्हणून
तू दोनला सर्व्हर बंद करून दुरुस्ती करतोस ना,
ती दुपारच्या दोनला कर.
जेवून पडलेले असतात तेव्हा.