चार मिनिटं

येलदरीचं पाणी पाच महिने आमच्यापासून लांब गेलं होतं,
आता परत आलंय, बाभळीच्या बुडख्यांपर्यंत.
नाव उतरवायची तर आधी मोटार बघायला हवी.

म्हणून अंगणात निळं पिंप,
पिंपाच्या काठाला आडवी बांधलेली सागाची फळी,
फळीला शिकंजे आवळून आठ हॉर्सपॉवरची मोटार,
पंखा पाण्यात, मान थोडी कललेली,
म्हैस डबक्यात उतरून विचार करत उभी राहते तशी.

दोरी ओढली. सात वेळा.
आठव्या ओढीला धरली.
पिंपातलं पाणी चहासारखं वर आलं,
कोंबड्या थेट शेषेरावच्या गोठ्यात.
चार मिनिटं चालली, मी मोबाइलवर वेळ लावली होती.
मग खोकली, काहीतरी पुटपुटली
आणि गप्प.

मी जिंतूरच्या आयटीआयचा, डिझेल मेकॅनिक.
सर्टिफिकेट टीव्हीच्या वर, प्लास्टिकमध्ये.
नाना ओट्यावर जाळ्याची भोकं सांधत होते,
एक शब्द बोलले नाहीत.
बोलले असते तर बरं झालं असतं.

प्लग काढला. काळा, ओला.
घासला, इंजिनाला टेकवून दोरी ओढली,
टिच्च, निळी ठिणगी. म्हणजे इथं काही नाही.
कार्बोरेटर खोलला.
वाटीत मागच्या उन्हाळ्याचं पेट्रोल,
पाक होऊन बसलेलं.
ब्रेकच्या वायरचा एक धागा सुटा केला,
जेटमधून ओवला, फुंकला, उन्हाकडं धरला:
भोकातून आभाळ दिसलं, टाचणीच्या टोकाएवढं.
एवढा आनंद मला निकालाच्या दिवशी झाला नव्हता.
सगळं परत बसवलं.
चार मिनिटं.

फिल्टर बदलला.
चार मिनिटं.
नवं पेट्रोल आणलं, ऑइल मापून घातलं, पन्नासाला एक.
चार मिनिटं आणि वर दहा सेकंद.
नळीतला रबरी फुगा चपटा झाला होता,
दात गेलेल्या माणसाच्या गालासारखा.
ते मी पाहिलं. पाहिलं, एवढंच.

रशीदभाईंना फोन लावला,
अर्ध्या तालुक्याच्या विहिरीत त्यांनी पंप सोडलेत.
"स्पीकरवर टाक, ऐकू दे."
ऐकलं, शेवटच्या आचक्यापर्यंत.
"बेटा, भुकी हाय ती,
अन् तू तिचे दात घासायलास."

भुकी? टाकी तर गळ्यापर्यंत भरलेली.

आईच्या हाताला नावेचं डांबर लागलं होतं,
तिला चिंधीभर पेट्रोल हवं होतं.
टाकीचं झाकण फिरवलं तर सुस्स झालं.
"अरे, ही आत वढायली."
"काय?"
"वारं."

झाकणावर हवेचं भोक असतं,
ते मला परीक्षेत कुणी विचारलं नव्हतं.
भोकावर कुंभारीण माशीनं घर बांधलं होतं,
करंगळीच्या पेराएवढं, मातीचं, पक्कं.
मोटार कोनाड्यात पाच महिने, तीही तिथंच.
पेट्रोल जाईल तेवढं वारं आत यायला हवं,
नाहीतर टाकी एक थेंब सोडत नाही.
आईनं घर नखानं अलगद उचललं.
आत झोपवलेले हिरवे कोळी, आणि एक पांढरी अळी,
त्यांच्यावर जगणारी.
भोकात अडकलेली माती बांगडीतल्या पिनेनं काढली,
पिन पदराला पुसली, परत बांगडीत.

दोरी ओढली. पहिल्याच ओढीला.
चार मिनिटं. पाच. नऊ.
मी मोबाइल बघायचं सोडलं.
शेवटी नानाच बोलले, जाळ्यातून मान न काढता:
"बंद कर आता. पेट्रोल का फुकट हाय?"

ते घर आईनं ओट्याच्या भेगेत ठेवलं.
राहील का जगून, मी विचारलं,
ती म्हणाली, मला काय माहीत.

दिवस कलताना कुंभारीण आली,
पिंपाभोवती सांडलेल्या आमच्या चिखलातून
गोळी उचलली, दोन्ही पायांत धरली,
आणि झाकणाभोवती फिरत राहिली,
भोक शोधत.