गावातला एन

चौथीत सतरा मुलं. आज चौदा.
तिघं रताळी काढायला शेतात गेलीत, निरोप आलाय.
फळ्यावर मी चार रेघा ओढते,
निळा खडू संपलाय, तांबडा मोडलाय,
तेव्हा चारही पांढऱ्या.

इंग्रजी अक्षरं जमिनीवर उभी राहतात, मी सांगते,
आपली दोरीवर वाळत घातल्यासारखी लोंबतात,
आणि शिवलीला टीचरांची कन्नड
मांडी घालून पंगतीला बसते,
प्रत्येकाच्या डोक्यावर छोटी शेंडी.

मंथन मुचंडीकर मान डोलावतो,
सी ए टी लिहितो, सुबक,
मग पट्टी लावून वरून एक रेघ ओढतो.
मांजर दोरीला टांगलेलं.
"पडंल की टीचर. कोण धरणार त्याला?"

तांबडं पेन माझ्या हातात होतं.
मी टोपण लावलं.

आमच्या वेळी ए बी सी डी पाचवीत यायची.
नावं पाठ झाली, आवाज कुणी सांगितलेच नाहीत.
डब्ल्यूचं नाव केवढं लांबलचक
आणि तोंड उघडलं की नुसता व्.
अजून बुधवारचं स्पेलिंग लिहिताना
मी मनात वेड-नेस-डे म्हणते,
ओठ हलू न देता.

म्हणून माझ्या वर्गात आवाज आधी.
स्. ॲ. ट्.
चौदा जिभा दातांमागे जाऊन ठोकतात,
कौलांवरची पारवी उडतात.

मग चाकू. नाइफ.
के लिहायचा, पण तो बोलत नाही.
"मुका आहे," मी म्हणते
आणि झालं!
मागच्या बाकावर कुणी हवेत मुका घेतला,
कुणी बाकाखाली तोंड लपवलं.
दरवर्षी हा शब्द मला असाच फसवतो
आणि दरवर्षी मी तोच वापरते.
हसलेलं पोर तो के विसरत नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांना रस्त्यावर नेलं.
हिरवी पाटी. वर कन्नड, खाली इंग्रजी.
तिसरी ओळ का नाही
हे घरोघरी जेवताना बोललं जातं, पोरं ऐकतात.
मी म्हटलं, आज आपली दुसरी ओळ.

प्रणोती हुंदरेनं बोट हवेत धरलं,
एकेक अक्षर उचलत गेली:
"उ… चा… गा… ओन.
उचागाओन!"
मग माझ्याकडे वळून,
"हे कुठं आलं टीचर? लई लांब काय?"

"तू उभी आहेस तिथंच."

तिनं पायांकडे पाहिलं.
चपलेचा तुटका अंगठा, खडी, उसाचं चिपाड.
परत पाटीकडे.
"मग शेवटचा एन मुका काय?"
यावेळी कुणी हसलं नाही.

मुका नाही गं, मी म्हणायला गेले,
जरा नाकातनं बोलतो,
आणि मलाच काहीतरी आठवलं.

शाळेच्या पायरीशी जुना दगड आहे,
रोज त्यावर चपला निघतात.
चपला बाजूला सारल्या, पाणी ओतलं, घासलं.
'मराठी शाळा, उचगांव.'
गा-वर टिंब.
आपण ते लिहायचं सोडून दिलं, कधीच,
आणि तिकडे रस्त्यावरच्या त्या परक्या ओळीनं
ते एन करून सांभाळून ठेवलंय.

हे सगळं मला त्यांना नीट सांगता आलं नाही.
मंथननं टिंबात करंगळी घातली.
बरोब्बर मावली.
बाहेर काढली तर टोकाला जुना चुना.

सोमवारी शेतातली तिघं परत आली,
नखांत माती, दप्तरात माझ्यासाठी दोन रताळी.
प्रार्थनेच्या रांगेत प्रणोती त्यांना हळूच सांगत होती,
"आम्ही उचागाओनला जाऊन आलो की."
"कवा? कुठल्या बसनं?"
"चालत," ती म्हणाली.